बेअरिंग नवं, तरी चाकात पुन्हा प्ले : जुन्या स्पोर्ट्स कारच्या हबचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा ठरलेली. पुढच्या चाकातून घरघर यायची म्हणून बेअरिंग बदललं, सोबत ऑइल सीलही नवं टाकलं. काही महिने गाडी शांत. मग पुन्हा तीच घरघर, चाक हलवलं की खटखट, आणि रिमच्या आतल्या अंगाला ग्रीसचे शिंतोडे. पुन्हा बेअरिंग, पुन्हा सील. तिसऱ्या खेपेला मालक बेअरिंग बनवणाऱ्याला शिव्या घालायला लागतो.

बनवणाऱ्याचा दोष क्वचित असतो. टेपर रोलर बेअरिंगचं, म्हणजे निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं, पेटंट हेन्री टिमकनला १८९८ साली मिळालं, आणि तेव्हापासून ही वस्तू भल्याभल्या ओझ्याखाली टिकून आहे. नीट बसवलं तर ते वर्षानुवर्षं चालतं. ते पुन्हा पुन्हा जातं याचं मुख्य कारण, माझ्या मते, एकच : हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगवर फिरणारा भाग) एका जातीचा आणि बसवण्याचा नियम दुसऱ्या जातीचा. बाकी कारणं आहेत, तीही सांगतो, पण हे पहिलं.

आधी हबच दोषी आहे ना?

जॅक लावा, खाली स्टँड द्या, आणि चाक वरून-खालून धरून आत-बाहेर हलवा. प्ले, म्हणजे ढिलाई, लागला तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. दाबूनही तेवढाच राहिला तर किंगपिन (ज्याच्याभोवती चाक वळतं तो खिळा), बॉल जॉइंट नाहीतर सस्पेन्शनचे बुश बघा. हब उघडून उपयोग नाही. डावीकडून-उजवीकडून धरून हलवल्यावरच प्ले लागत असेल तर संशय स्टिअरिंगच्या जोडांवर घ्या. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण किंगपिन झिजलेल्या गाडीत तीनदा बेअरिंग घालणारे लोक असतात.

आवाजाचं तसंच. टायरची घरघर रस्ता बदलला की बदलते. बेअरिंगची घरघर भार बदलला की बदलते. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. त्या वेळी आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग. चाक हवेत फिरवताना कॉइल स्प्रिंगवर हात ठेवून बघा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगमधून बोटांना कळते.

तारांच्या चाकाची गाडी असेल तर आणखी एक सोंग असतं. ब्रेक दाबताना आणि पुन्हा रेस देताना ‘टक्’ असा एकेक आवाज येतो. हा बेअरिंगचा नाही. हबवरचे दाते झिजलेत आणि चाक त्यांच्यावर पुढे-मागे सरकतंय. हात फिरवून बघा : चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो, झिजलेला दाता सुरीसारखा टोकदार लागतो. तो हब बदलावाच लागतो, आणि चाकाच्या आतले दातेही त्याच वेळी तपासा. एमजीबीसारख्या गाड्यांमध्ये डाव्या बाजूच्या हबला उजवे आटे आणि उजव्या बाजूच्या हबला डावे आटे असतात. जुने हब विकत घेऊन बसवताना दोन बाजूंची अदलाबदल झाली तर चाक धरून ठेवणारा मधला मोठा नट चालत्या गाडीत आपोआप सुटत जातो. म्हणून हब लावण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते बघायचं.

प्लेचं आणखी एक लक्षण भलतीकडेच नेतं. ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. लोक हवा काढत बसतात, मास्टर सिलिंडर बदलतात. प्रत्यक्षात हब ढिला असल्यामुळे वळणावर डिस्क तिरकी होते आणि पॅडना मागे ढकलते. पहिला दाब ती फट भरून काढण्यातच जातो. डिस्क ब्रेकच्या गाडीत हवा काढूनही पेडल सुधारत नसेल तर आधी चाक हलवून बघा.

जुनं बेअरिंग टाकून देऊ नका

उघडल्यावर जुने कप (हबमध्ये बसणारी बाहेरची रिंग) आणि कोन (रोलरसकट आतली रिंग) रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरा. मागच्या वेळी काय चुकलं ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं. निळसर किंवा पिवळट झाक म्हणजे बेअरिंग तापलं : जास्त आवळलं गेलं होतं किंवा ग्रीस संपलं होतं. काळे-करडे डाग आणि खड्डे म्हणजे पाणी शिरलं, अर्थात सील हरलं. कपावर रोलरच्याच अंतरावर ओळीनं उमटलेल्या फिकट पट्ट्या म्हणजे गाडी खूप काळ जागेवर उभी होती किंवा ट्रेलरवर हिंदकळत गेली. वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या गाड्यांत या पट्ट्या नेहमी दिसतात, आणि असं बेअरिंग आवाज करणारच, ग्रीस कितीही बदला. कपाच्या एकाच बाजूला झीज जास्त असेल तर कप तिरका बसला होता.

धुतलेलं बेअरिंग हवेच्या पाइपनं गरगर फिरवायची खोड काहींना असते. कोरड्या रोलरना त्यानं ओरखडे पडतात आणि रोलर धरणारा पिंजरा फुटला तर तुकडे तोंडावर येतात. फडक्यानं पुसा.

कप आणि कोन जोडीनंच बदलायचे. नवा कोन जुन्या कपात ‘चालतोय’ म्हणून घालणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तारीख आत्ताच ठरवणं.

हब कुठल्या जातीचा?

पुढच्या हबच्या तीन जाती जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये प्रामुख्यानं भेटतात, आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिली, साधी : दोन टेपर रोलर बेअरिंग, मध्ये काही नाही. ट्रायम्फ स्पिटफायर याच जातीची, आणि १९७०च्या दशकातली पोर्शे ९११सुद्धा. इथे नटच प्ले ठरवतो. चाक फिरवत फिरवत नट हलका आवळायचा, रोलर जागेवर बसले की मागे घ्यायचा, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून घालायच्या पिनचं भोक जुळत नसेल तर आणखी मागे. पुढे कधीच नाही. पोर्शेच्या नटाला पिनऐवजी कसणारा बोल्ट असतो, त्यामुळे तिथे हवा तिथे थांबता येतं. नटाखालची जाड वॉशर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं, कशावर टेकू न देता, नुसत्या मनगटाच्या जोरावर इकडेतिकडे सरकली पाहिजे. सरकतच नसेल तर आवळलं जास्त, नुसती लटकत असेल तर कमी.

दुसरी, एमजीबीची : दोन टेपर रोलर, मध्ये पोकळ नळीसारखा स्पेसर, आणि स्पेसर व बाहेरच्या बेअरिंगच्या मध्ये शिम, म्हणजे जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या. १९६२ ते १९८० एवढा काळ ही गाडी बनली, त्यामुळे हा हब पुष्कळांच्या हाताखालून जातो. इथे प्ले शिम ठरवतात, नट नाही. नट चांगला ४० ते ७० फूट-पाउंड, म्हणजे ५४ ते ९५ न्यूटन-मीटर आवळायचा असतो. हा पल्ला एवढा मोठा ठेवलाय तो पिनचं भोक जुळावं म्हणून : ४०ला थांबायचं, भोक जुळेपर्यंत पुढे आवळायचं, भोकासाठी मागे घ्यायचं नाही. एवढं आवळल्यामुळे स्टब अ‍ॅक्सल (हब ज्यावर फिरतो तो आखूड दांडा), दोन्ही कोन आणि स्पेसर मिळून एक घट्ट दांडा होतो, आणि वळणावर अ‍ॅक्सलला वाकायला कमी वाव मिळतो.

सगळा घोळ इथेच. पहिल्या जातीच्या सवयीनं कुणी एमजीबीचा नट ‘हलका आवळून मागे’ घेतो. मग स्पेसर मोकळा, कोन अ‍ॅक्सलवर हळूहळू फिरू लागतात, अ‍ॅक्सल खाल्ला जातो. किंवा उलट, स्पेसर आधीच्या कुणीतरी हरवलेला असतो आणि नवा माणूस पुस्तक बघून ४० फूट-पाउंड आवळतो. मधे काहीच नसल्यानं तो सगळा जोर थेट रोलरवर जातो, आणि बेअरिंग थोड्याच अंतरात निळं पडतं. ‘स्पेसरची काही गरज नसते, मी नेहमी काढूनच टाकतो’ असं सांगणारे मेकॅनिक असतात. ज्या गाडीला बनवणाऱ्यानं स्पेसर दिलाय तिथे तो राहिलाच पाहिजे, यात मला तरी वाद दिसत नाही.

तिसरी जात एमजी मिजेट आणि ऑस्टिन-हीली स्प्राइटची : टेपर रोलर नाहीत, बॉल बेअरिंग आहेत, आणि तीही तिरका भार घेणारी. मध्ये स्पेसर, शिम नाहीत. या बेअरिंगच्या एका तोंडावर ‘थ्रस्ट’ असा शिक्का असतो. ते तोंड दोन्हीकडून स्पेसरच्या बाजूला, म्हणजे एकमेकांकडे, यायला हवं. उलटं बसलं तरी हब छान फिरतो, म्हणून चूक कळत नाही. मापाला जुळतंय म्हणून साधं बॉल बेअरिंग घातलं तर तेही सुरुवातीला छान फिरतं. दोन्ही प्रकार थोडेच दिवस टिकतात.

शिम मोजणं

एमजीबी जातीच्या हबमध्ये वेळ खायचा असेल तर इथे खावा. नवं बेअरिंग आलं की शिम पुन्हा मोजायचे, जुन्या शिमच्या भरवशावर राहायचं नाही. प्रत्येक बेअरिंगची रुंदी तंतोतंत सारखी नसते, आणि इथे हिशोब इंचाच्या हजाराव्या भागांचा आहे : हवा असलेला प्ले ०.००२ ते ०.००४ इंच, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर.

मोजताना सील बसवलेलं नसावं आणि ग्रीसही नसावं. कोनांना जेमतेम तेलाचा हात पुरे. सील असेल तर त्याचा ओढा प्ले लपवतो. ग्रीस असेल तर त्याचा थर शिमच्या मध्ये बसून माप खोटं करतो. आधी एकही शिम न घालता हब फिरवत नट हळूहळू आवळा, हब जड फिरायला लागेपर्यंतच. त्यानं कप पूर्ण जागेवर जातात. याच्या पुढे आवळायचं नाही, कारण या घडीला सगळा भार रोलरवर आहे. मग उघडून मुद्दाम जास्त शिम घाला, समजा ०.०१०चे तीन, म्हणजे ०.०३० इंच. आता नट ४० फूट-पाउंड आवळा आणि हबच्या तोंडावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) टेकवून हब सरळ आत-बाहेर ढकला-ओढा.

समजा गेज ०.०१४ दाखवतोय. आपल्याला हवेत ०.००३. म्हणजे ०.०११ कमी करायचे, ०.०३० मधून ०.०११ गेले, उरले ०.०१९. हे शिम ०.००३, ०.००५ आणि ०.०१०चे येतात, तर एक ०.०१०चा आणि तीन ०.००३चे घातले की हिशोब जुळला. पुन्हा आवळून पुन्हा मोजा. दोन मापं वेगळी आली तर कुठेतरी शिम दुमडलाय किंवा कचरा आहे; शिम काचेवर ठेवून बघा, कड उचललेली लगेच दिसते.

डायल गेज नसेल तर? हातानं प्ले ‘जाणवेल न जाणवेल’ एवढा ठेवायचा, असं सांगणारे आहेत. पहिल्या जातीच्या हबला तो अंदाज चालून जातो, कारण नट परत जुळवता येतो. शिमवाल्या हबला नाही. चुंबकाच्या स्टँडचा साधा गेज उसना मिळाला तरी काम होतं.

कप बसवताना कान उघडे ठेवा

हबमधला कप दाबून बसवलेला असतो. तो काढताना हबच्या भोकाला छन्नीचे ओरखडे पडले असतील तर उचललेली धार आधी बारीक कानशीनं आणि एमरी पेपरनं सपाट करा. कपाच्या मागे अडकलेला एक कण पुरे असतो. कप तिरका बसतो, थोडे दिवस चालल्यावर तो कण चिरडतो, आणि मोजूनमापून ठेवलेला प्ले दुप्पट होतो. ‘बसवलं तेव्हा बरोबर होतं’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा हाच कण असतो.

कप ठोकायला जुनाच कप वापरा. त्याचा बाहेरचा घेर ग्राइंडरवर थोडा कमी करा आणि एका जागी आरपार चीर द्या, म्हणजे तो आत अडकत नाही. ठोकताना आवाज ऐका. कप आत सरकतोय तोवर ‘ठप् ठप्’ असा बसका आवाज येतो. तळाला टेकला की एकाएकी ‘टण्’ असा टणक, खणखणीत होतो आणि हातोडी हातात उसळते. तो आवाज घेराच्या सगळ्या बाजूंनी सारखा आला पाहिजे. एका बाजूला अजून बसका असेल तर त्या बाजूला फट आहे. शेवटी सर्वांत पातळ फीलर गेज (फट मोजायची पत्र्याची पट्टी) कपामागे घालून बघा. कुठेही शिरता कामा नये.

हब अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ठोकायचंच नाही, तापवायचा. ६० मिलिमीटर व्यासाचं भोक ८० अंशांनी तापलं की जवळपास ०.११ मिलिमीटर मोठं होतं; लोखंडात त्याच्या साधारण निम्मं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेला कप अशा हबमध्ये जवळजवळ हातानं पडतो. तापवायला ओव्हन बरा. गॅसची ज्योत एकाच जागी लागून धातू नरम पडण्याची भीती असते.

सील पुन्हा का गळतं

सीलचा ओठ ज्या पृष्ठभागावर घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय, आणि त्या चरावर नवं सीलही गळणारच. शक्य असेल तर तो पृष्ठभाग असलेली कॉलर, म्हणजे कडं, बदला, नाहीतर त्यावर पातळ दुरुस्तीची बाही चढवा. सील एखाद-दोन मिलिमीटर कमी खोल बसवून ओठ चराच्या बाजूला आणण्याची युक्तीही चालते, पण जागा असेल तरच.

आतला कोन आधी, सील नंतर. हा क्रम चुकून सील पुन्हा उपटून काढलं की ते वाकतं, आणि वाकलेलं सील सरळ करून बसवणं ही काटकसर नाही. स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे. ओठाला बोटानं ग्रीस लावा. कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो. सपाट लाकडी ठोकळा आडवा धरून सील हबच्या कडेशी समतल बसवा. जुन्या ट्रायम्फसारख्या गाड्यांना रबराऐवजी नमद्याचं सील असतं. ते बसवण्याआधी तेलात चांगलं भिजू द्यायचं. कोरडा नमदा अ‍ॅक्सल घासतो आणि पाणी आत ओढतो.

आता ग्रीस. सील गळण्याचं सर्वांत मोठं कारण सील नसून ठासून भरलेलं ग्रीस असतं. बेअरिंगच्या रोलरमध्ये ग्रीस पूर्ण भरायचं, तळहातावर गोळा घेऊन कोनाच्या रुंद बाजूनं दाबत, पलीकडून वर येईपर्यंत. पण दोन बेअरिंगमधली पोकळी एक तृतीयांश ते निम्मीच, आणि बाहेरची टोपी भरायची नाही. ब्रेकच्या उष्णतेनं ग्रीस फुगतं; त्याला जागा नसेल तर ते सीलच्या ओठाखालून निघतं आणि थेट डिस्कवर जातं. टोपीला बारीक भोक असेल तर ते बुजलेलं नाही ना ते बघा. डिस्क ब्रेकसाठी चालणारं, दोन नंबर घट्टपणाचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस पुरेसं आहे. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा. चिकणमातीवर आधारलेलं ग्रीस आणि लिथियमचं ग्रीस एकत्र आलं की मिश्रण पातळ होऊन वाहतं.

पॅडवर ग्रीस गेलं असेल तर ते पुसून चालत नाही, जोडी बदला. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरनं साफ होते.

मागच्या चाकात सील वारंवार गळत असेल आणि बाहेर येणारं ग्रीस नसून अ‍ॅक्सलचं तेल असेल, तर सील बदलण्याआधी अ‍ॅक्सलच्या नळीवरचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) काढून फुंकून बघा. मातीनं तो बुजला की तापलेली हवा सीलमधून वाट काढते. तेलाची पातळी गाडी सपाट उभी करून तपासा, कारण जास्त भरलेलं तेलही तिथूनच येतं. टेपरवर बसलेला मागचा हब दांड्याच्या टोकावर हातोडी मारून काढू नका. आटे तर जातातच, शिवाय तो मार आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर पोचतो. जाड पुलर लावून ताण द्या, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी पुलरच्या बोल्टवर एक टोला.

१९८०च्या आसपासच्या आणि पुढच्या गाड्यांत नकलमध्ये (हब धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भागात) दाबून बसणारं दुहेरी बॉल बेअरिंग येतं. त्यात शिम नाही, जुळवणी नाही, पण दाबण्याचा नियम कडक आहे : नकलमध्ये घालताना बाहेरच्या रिंगवर दाब, हब आत घालताना आतल्या रिंगला खालून टेकू. चुकीच्या रिंगवर दाबलं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि रिंगवर बारीक खळगे पडतात. असं बेअरिंग बसवलेल्या दिवसापासूनच गुणगुणतं. आणि मधला मोठा नट पूर्ण टॉर्कला आवळल्याशिवाय गाडी चाकांवर ढकलूही नका, गॅरेजमधल्या गॅरेजमध्येसुद्धा नाही. आतल्या रिंगचे दोन भाग नटच धरून ठेवतो.

सगळं जोडल्यावर थोडी लांब फेरी मारा, शेवटचा भाग ब्रेक फार न वापरता, आणि दोन्ही बाजूंच्या हबच्या टोप्यांना हात लावा. दोन्ही सारख्याच कोमट असाव्यात. एक हात ठेववत नाही इतकी गरम असेल तर आधी कॅलिपर अडकलाय का बघा, मग बेअरिंग उघडा. काही शे किलोमीटरनंतर चाक पुन्हा वर घेऊन हलवा. पहिल्या जातीच्या हबमध्ये प्ले किंचित वाढलेला सापडतो, तो नट एक भोक पुढे घेऊन गेजवर पुन्हा मोजायचा. शिमवाल्या हबमध्ये वाढला असेल तर नटाला हात न लावता कपामागचा तो कण शोधायला लागा. पिन मात्र दर वेळी नवी घाला.